मॉरिशस ते रॉड्रिग्ज: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि प्रवासाची आखणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मॉरिशसला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी मुख्य बेट पाहून परत येतात. त्याच देशाचा भाग असलेल्या रॉड्रिग्जचा विचार मनात आला की पहिला प्रश्न पडतो तो अंतराचा आणि लगेच दुसरा वेळेचा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून बरीच लांब आहेत. अंतर विमानाला कापायचे असते, वेळ मात्र तुमचा जातो. त्यामुळे इथे आकडे तर दिले आहेतच, पण ते सुट्टीच्या आखणीत कसे बसवायचे यावर जास्त भर आहे.

मॉरिशस ते रॉड्रिग्ज हवाई अंतर नेमके किती?

विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे ५९८ किलोमीटर. मैलांत सांगायचे तर साधारण ३७२ मैल, आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत सुमारे ३२३. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

अंदाज येण्यासाठी: मुंबई ते हैदराबाद हे हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे, म्हणजे जवळपास तेवढेच. फरक इतकाच की मुंबई-हैदराबादच्या वाटेत खाली सोलापूर आहे, शेते आहेत, रस्ते आहेत. इथे संपूर्ण वाटेत पाण्याशिवाय काही नाही. मॉरिशसचा किनारा मागे पडला की रॉड्रिग्ज दिसेपर्यंत मध्ये एकही बेट लागत नाही. समुद्राच्या तळाशी रॉड्रिग्जकडे जाणारी ज्वालामुखीजन्य डोंगरांची एक पूर्व-पश्चिम रांग आहे, पण ती पाण्याखालीच आहे.

पुष्कळ ठिकाणी ५६० किलोमीटर असे छापलेले असते. मग खरे काय?

‘रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर आहे’ हे वाक्य पर्यटनाच्या माहितीत सर्रास दिसते. बेटापासून बेटापर्यंतचे ढोबळ अंतर म्हणून ते चालते, पण विमानाच्या हिशेबाला ते उपयोगी नाही. मॉरिशसचा विमानतळ बेटाच्या आग्नेय भागात, किनाऱ्यापासून थोडा आत आहे. रॉड्रिग्जचा बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. दोन्ही धावपट्ट्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन मोजले की ६०० ला दोनच किलोमीटर कमी भरतात.

प्रत्यक्ष उड्डाणात विमान अगदी या रेषेवरून जात नाही. उड्डाणानंतरचे वळण, उतरण्यापूर्वीची फेरी, वाटेत टाळलेला एखादा ढग यामुळे दहा-वीस किलोमीटर वाढतात.

हे अंतर स्वतः मोजायचे असेल तर?

एका वहीच्या पानावर होते. मुलांना भूगोल शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वापरावे.

मॉरिशसचा विमानतळ २०.४३ अंश दक्षिण, ५७.६८ अंश पूर्व या ठिकाणी आहे. रॉड्रिग्जचा १९.७६ अंश दक्षिण, ६३.३६ अंश पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६७ अंश आणि रेखांशांतला ५.६८ अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर झाले सुमारे ७४ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटरचा असतो, पण ध्रुवाकडे जाताना तो आकसत जातो. २० अंशांच्या आसपास तो सुमारे १०४.६ किलोमीटर भरतो. त्याला ५.६८ ने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर ५९४ किलोमीटर येते. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आल्या. ५९४ आणि ७४ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर ५९८ च्या घरात.

पृथ्वी गोल आहे, मग पायथागोरस कसा चालतो, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. इतक्या कमी अंतरावर आणि असा आकसलेला अंश वापरल्यावर वक्रतेने पडणारा फरक नगण्य असतो. मुंबई-मॉरिशससारख्या लांब पल्ल्याला मात्र ही युक्ती वापरू नका, तिथे गोलाचे त्रिकोणमितीय सूत्रच हवे.

उड्डाणाला किती वेळ लागतो?

वेळापत्रकात साधारण दीड तास धरलेला असतो. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा. प्रत्यक्ष हवेत त्याहून थोडे कमी.

हिशेब असा: या मार्गावर एअर मॉरिशसची एटीआर ७२ जातीची विमाने जातात. दोन पंखे असलेले, सत्तरच्या आसपास प्रवासी नेणारे हे विमान वर स्थिरावल्यावर ताशी साधारण ५१० किलोमीटर वेगाने जाते. वाटभर तोच वेग मिळाला तर ५९८ किलोमीटरला सुमारे ७० मिनिटे पुरतील. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, दोन्ही टोकांना विमानाला उभे राहण्याची जागा ते धावपट्टी असे जमिनीवर चालत जावे लागते. या सगळ्याची वीसेक मिनिटे मिळवली की दीड तास होतो.

अंतर मोजून देणारी काही संकेतस्थळे याच मार्गाला ‘पाऊण तास’ किंवा ‘एक तास’ असे उत्तर देतात. ती सगळ्या विमानांना जेटचा ताशी ८००-९०० किलोमीटर वेग लावतात. या मार्गावर ते उत्तर चुकीचे आहे, त्यावर विसंबून पुढची गाडी ठरवू नका.

या मार्गावर मोठे जेट विमान का जात नाही?

कारण रॉड्रिग्जची धावपट्टी. मॉरिशसच्या सर शिवसागर रामगुलाम आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे, तिथे सर्वांत मोठी प्रवासी विमानेही उतरतात. रॉड्रिग्जच्या सर गाएताँ दुव्हाल विमानतळाची, म्हणजे स्थानिक लोक ज्याला प्लेन कोराय म्हणतात त्याची, धावपट्टी सुमारे १,३०० मीटरची आहे. एवढ्या लांबीत भरलेले जेट सुरक्षित उतरवणे आणि पुन्हा उडवणे जमत नाही. एटीआर नेमके अशाच आखूड धावपट्ट्यांसाठी घडवलेले विमान आहे.

लांब धावपट्टीचा प्रकल्प हाती घेतलेला आहे. तो पूर्ण होऊन जेट आले, तरी प्रवासाचा वेळ फार घटेल अशी आशा ठेवू नये. ताशी ८५० किलोमीटर वेगानेही ५९८ किलोमीटरला ४२ मिनिटे लागतात, वर चढ-उतार आणि जमिनीवरचे चालणे धरून एक तास होतोच. म्हणजे वाचतो तो अर्धा तास. खरा बदल होईल तो जागांच्या आणि मालाच्या बाबतीत, आणि बेटावर राहणाऱ्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी तो बदल मोठा असेल. गंभीर आजाराच्या रुग्णांना आजही पुढच्या उपचारांसाठी मॉरिशसला न्यावे लागते. पर्यटकासाठी ही सहल आहे, तिथल्या माणसांसाठी ती जगाशी जोडणारी वाट आहे, हे तिकिटाची जागा अडवताना ध्यानात असू द्यावे.

जाताना आणि येताना वेळ वेगवेगळा लागतो का?

थोडा लागतो, आणि त्याचे कारण वारा. एक उदाहरण घ्या. ताशी ५१० किलोमीटर वेगाच्या विमानाला समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा लागला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ४८० होतो आणि ७० ऐवजी ७५ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ६६ मिनिटे. म्हणजे दोन्ही दिशांत आठ-नऊ मिनिटांचा फरक. एटीआरसारख्या कमी वेगाच्या विमानाला वारा जास्त जाणवतो, जेटला तुलनेने कमी.

आता कोणत्या दिशेला जास्त वेळ लागतो? इथे एक सोपे उत्तर सगळीकडे दिले जाते: आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात, म्हणून रॉड्रिग्जला जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून. समुद्रसपाटीवर हे अगदी खरे आहे आणि जहाजांना ते लागू पडते. पण विमान पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जाते. तिथला हिवाळा म्हणजे आपला जून ते सप्टेंबर. त्या काळात व्यापारी वाऱ्यांचा थर खालीच राहतो आणि वर बहुधा पश्चिमेचे वारे असतात. म्हणजे जमिनीवर टोपी एका दिशेला उडत असते आणि वर विमानाला धक्का उलट बाजूने बसत असतो. त्यामुळे ‘जाताना नेहमीच जास्त वेळ’ असा नियम करता येत नाही. वेळापत्रकात ही तफावत आधीच सामावलेली असते.

घड्याळ बदलावे लागते का?

नाही. दोन्ही बेटांवर एकच वेळ आहे, जागतिक प्रमाणवेळेच्या चार तास पुढे. भारत साडेपाच तास पुढे असल्याने आपल्याकडे साडेबारा वाजतात तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतात. वर्षभर हाच फरक राहतो, कारण तिथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करण्याची पद्धत नाही.

घड्याळ एक असले तरी सूर्य एक वेळ पाळत नाही. रॉड्रिग्ज ५.६८ अंश पूर्वेला आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून रॉड्रिग्जला सूर्य सुमारे २३ मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जूनमध्ये तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. त्या दिवसांत दुपारी उशिराचे विमान घेतले तर पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी जाताना डोंगरातला वळणांचा रस्ता काळोखात पार करावा लागतो. शक्य असेल तर सकाळचे विमान घ्या. लॅगूनचा, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ, शांत समुद्राचा रंगही सकाळच्या उन्हातच खुलतो.

दीड तासाचे उड्डाण आहे, तर सकाळी निघून दुपारी तिथे फिरता येईल ना?

येईल, पण ‘दीड तास’ हा आकडा डोक्यातून काढून टाका. दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजा.

समजा तुम्ही मॉरिशसच्या उत्तरेला ग्राँ बे इथे उतरला आहात. भारतीय पर्यटक बहुतेक तिकडेच असतात. विमानतळ दक्षिणेला. बेट ६५ किलोमीटर लांबीचे असले तरी राजधानी पोर्ट लुईच्या भोवतालची वाहतूक लक्षात घेता सव्वा ते दीड तास धरा. विमानतळावर दोन तास आधी पोहोचा. दीड तास उड्डाणाचा. सामान मिळून बाहेर पडायला अर्धा तास. रॉड्रिग्जचा विमानतळ एका टोकाला आणि मुख्य गाव पोर्ट माथुरँ उत्तर किनाऱ्यावर, त्यामुळे रस्त्याने अर्धा ते पाऊण तास. बेरीज करा: सहा-सव्वासहा तास. म्हणजे सकाळी सहाला खोली सोडली तर दुपारचे जेवण रॉड्रिग्जला.

यातला एक तास सहज वाचतो. आदल्या रात्री मुक्काम दक्षिणेला, माएबूर किंवा ब्लू बे भागात हलवा. तिथून विमानतळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे. ब्लू बेचा समुद्र पाहण्यासारखा आहे, त्यामुळे तो दिवस वाया जात नाही. जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा बेत मात्र करू नका. बारा तासांची दगदग आणि हाती तीन तास. निदान तीन रात्री हाताशी असतील तरच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून थेट रॉड्रिग्जला जाता येते का?

नाही, मॉरिशसमार्गेच जावे लागते. मुंबई ते मॉरिशस हवाई अंतर सुमारे ४,७०० किलोमीटर, विमानाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. त्यापुढे हे ५९८ किलोमीटर. एकूण सुमारे ५,३०० किलोमीटर.

नकाशा नीट पाहिला तर यात एक गंमत दिसते. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आहे आणि रॉड्रिग्ज दक्षिणेला जवळपास तितक्याच अंशांवर. मुंबईहून रॉड्रिग्जपर्यंत सरळ रेष ओढली तर ती सुमारे ४,४४० किलोमीटर भरते. म्हणजे रॉड्रिग्ज आपल्याला मॉरिशसपेक्षा अडीचशे किलोमीटर जवळ आहे, पण पोहोचायला साडेआठशे किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो. हिंदी महासागरातल्या छोट्या बेटांचे अंतर कधीही नकाशावरच्या रेषेने ठरत नाही. मोठी धावपट्टी कुठे आहे, तिथून जोडविमान कधी आहे, यावर ते ठरते.

मुंबईहून आलेल्या दिवशीच पुढचे विमान पकडावे का?

माझा सल्ला: नको. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील आणि मध्ये भरपूर वेळ असेल तर हरकत नाही, कारण मग पहिले विमान उशिरा आले तरी पुढची सोय विमान कंपनीने करायची असते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर ती जबाबदारी तुमची. देशात प्रवेशाची तपासणी, सामान घेणे आणि पुन्हा देणे यात वेळ जातो. रॉड्रिग्जच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच, विमाने लहान, जागा भरलेल्या. एक चुकले की त्याच दिवशी दुसऱ्यात जागा मिळेलच असे नाही.

परतताना तर हे दुप्पट पाळा. रॉड्रिग्जहून ज्या दिवशी निघायचे त्याच दिवसाचे मुंबईचे विमान ठेवू नका. मध्ये एक रात्र मॉरिशसला काढा. छोट्या बेटावरचे विमान हवामानापायी एक दिवस थांबणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि आंतरराष्ट्रीय तिकीट हुकले की खर्च फार मोठा येतो.

हवामानामुळे उड्डाणे रद्द होतात का? कोणते महिने टाळावेत?

होतात. या भागात चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि जानेवारी ते मार्च हे त्यातले जोखमीचे महिने. मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचे इशारे एक ते चार अशा वर्गांत दिले जातात. वर्ग ३ लागू झाला की दुकाने, वाहतूक सगळे थांबते.

प्रवाशांच्या ध्यानात न येणारी बाब अशी की दोन्ही बेटांसाठी इशारे वेगवेगळे असतात. बेटांमध्ये सहाशे किलोमीटर आहेत. मॉरिशसला लख्ख ऊन असताना रॉड्रिग्जवर वादळ घोंगावत असू शकते. या भागातली वादळे बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत येतात, त्यामुळे पुष्कळदा तडाखा आधी रॉड्रिग्जला बसतो. म्हणून बातम्या पाहताना दोन्ही बेटांची स्थिती पाहा.

वैमानिकाच्या बाजूने विचार केला तर हा मार्ग वेगळाच आहे. मुंबईला उतरता आले नाही तर पुणे, अहमदाबाद, गोवा असे पर्याय असतात. रॉड्रिग्जच्या जवळपास दुसरा विमानतळच नाही. उतरता आले नाही तर पर्याय एकच, मागे फिरून मॉरिशस गाठणे. म्हणजे जाऊन-येऊन बाराशे किलोमीटर. त्यामुळे निघण्यापूर्वीच तिथले हवामान, वारा आणि इंधन यांचा विचार काटेकोरपणे करावा लागतो. ‘वर आभाळ स्वच्छ आहे, तरी विमान का थांबवलंय?’ असा राग येईल तेव्हा हे आठवा. तिथे थांबवलेले विमान म्हणजे कोणीतरी आपले काम नीट केल्याची खूण आहे.

मे ते ऑक्टोबर हा काळ जाण्यासाठी चांगला. वारा जोराचा असतो, संध्याकाळी हलका स्वेटर लागतो, पण वादळाची धास्ती नसते.

सामानाची मर्यादा किती?

तुमच्या तिकिटावर लिहिलेली तीच खरी. ती तिकिटाच्या प्रकाराप्रमाणे आणि तुम्ही परदेशातून जोडविमानाने आलात का यावर बदलू शकते. मुंबईच्या विमानात चालले म्हणून इथेही चालेल, असे धरू नका. लहान विमान, आखूड धावपट्टी आणि परतीच्या शक्यतेसाठी सोबत ठेवायचे इंधन या तीन गोष्टींमुळे वजनाला फार किंमत आहे. मोठ्या बॅगा मॉरिशसच्या हॉटेलात ठेवून एका बॅगेत रॉड्रिग्जला जाणे सगळ्यांत सोयीचे. डोक्यावरचा कप्पा लहान असतो, चाकांची मोठी केबिन बॅग त्यात मावत नाही. येताना तिथल्या तिखट मिरच्या, लिंबाचे लोणचे आणि मध आणायला जागा ठेवा.

खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

एटीआरचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे जेटसारखी खालची दृष्टी अडत नाही, कोणत्याही खिडकीतून पाणी दिसते. मधल्या काही रांगांना इंजिनाचा भाग आडवा येतो आणि आवाजही तिथेच जास्त. मागच्या रांगा तुलनेने शांत, शिवाय प्रवाशांचा दरवाजा मागे असतो. डावी-उजवी याचा हट्ट नको, कारण उतरण्याची दिशा वाऱ्यावर ठरते. रॉड्रिग्जच्या बेटाचे क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर आणि त्याभोवतीचे उथळ लॅगून त्याच्या जवळजवळ दुप्पट. शेवटची दहा मिनिटे गडद निळ्यातून फिकट हिरव्यात बदलणारे पाणी पाहायचे असते, त्या वेळी मोबाइल बाजूला ठेवलेला बरा.

पासपोर्ट लागतो का? व्हिसा?

भारतीय पर्यटकांना मॉरिशससाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, आणि रॉड्रिग्ज हा त्याच देशाचा भाग आहे. २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे आणि स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे, पण वेगळा व्हिसा नाही. तरी उड्डाण देशांतर्गत आहे म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका, तो सोबत लागतोच.

जहाजाने गेलो तर?

पोर्ट लुईहून पोर्ट माथुरँला मालवाहू जहाजे जातात. समुद्रमार्गाला एक ते दीड दिवस लागतो. जाताना समोरून येणारे व्यापारी वारे आणि लाटा यामुळे जास्त, येताना कमी. प्रवाशांसाठी जागा आहे का आणि तारीख कोणती, हे त्या-त्या वेळी बंदरावर चौकशी करूनच ठरवावे लागते. आठ-दहा दिवसांच्या सुट्टीत हा मार्ग बसत नाही.

विमानसेवा सुरू होण्यापूर्वी हाच एक मार्ग होता. १९७२ मध्ये एअर मॉरिशसने एका छोट्या पायपर नवाहो विमानाने या दोन बेटांना जोडले. त्या विमानात मोजून सहा जागा होत्या. दीड दिवसाची वाट काही तासांवर आली ती तेव्हा.

रॉड्रिग्ज इतके दूर आहे, तर तिथे काही घडल्याचे कधी ऐकू आले नाही. त्याला काही इतिहास आहे का?

आहे, आणि तोही अंतराशी जोडलेला. १७६१ मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पाहण्यासाठी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिंग्रे मुद्दाम या बेटावर आला होता. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून ती एकच घटना पाहून सूर्याचे अंतर काढायचे, असा तो प्रयत्न होता.

दुसरी घटना २७ ऑगस्ट १८८३ ची. इंडोनेशियात क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला. रॉड्रिग्ज तिथून सुमारे ४,८०० किलोमीटर. तरीही बेटावरचे पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस यांनी पूर्वेकडून तोफांसारखे आवाज येत असल्याची नोंद केली. आवाजाला तेवढे अंतर कापायला सुमारे चार तास लागले होते. इतक्या लांबवर कानांनी ऐकल्या गेलेल्या आवाजाची ही जगातली सर्वांत प्रसिद्ध नोंद आहे.

मॉरिशसमध्ये मराठी लोक आहेत असे ऐकले होते. रॉड्रिग्जमध्येही भेटतील का?

मॉरिशसच्या मुख्य बेटावर मराठी समाज नक्की भेटेल. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून भारतातून जी माणसे तिथे नेली गेली, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांची पुढची पिढी आज घरात क्रिओल (फ्रेंचपासून घडलेली स्थानिक बोली) बोलत असली तरी शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, झाकरीचे (कोकणातल्या जाखडीचे) नाच होतात आणि गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मॉरिशसमध्ये असाल तर विसर्जन पाहिल्याशिवाय निघू नका, रॉड्रिग्जचे विमान दुसऱ्या दिवशीचे घ्या.

रॉड्रिग्जचे लोकजीवन वेगळे आहे. तिथली बहुसंख्य वस्ती आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांची, धर्म बहुतांशी कॅथलिक, रोजची भाषा क्रिओल. फ्रेंच सगळ्यांना समजते, इंग्रजीवर हॉटेलात काम भागते. शाकाहारी असाल तर राजम्यासारख्या लाल बिया, मका, भात आणि चटण्या यावर दिवस चांगले जातात. मुक्कामाच्या घरी एक दिवस आधी कळवा, बाजार आपल्याकडच्यासारखा रात्रीपर्यंत उघडा नसतो.

मॉरिशसहून रियुनियन बेट जवळ आहे म्हणतात. रॉड्रिग्जऐवजी तिकडे जावे का?

अंतर कमी आहे हे खरे. मॉरिशस ते रियुनियन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे २३२ किलोमीटर, पाऊण तासाचे उड्डाण. पण रियुनियन फ्रान्सचा भाग आहे, म्हणजे देश बदलतो, प्रवेशाचे नियम वेगळे. उंच डोंगर आणि जागता ज्वालामुखी पाहायचा असेल तर रियुनियन. शांत लॅगून, चालत फिरण्यासारखे किनारे आणि गर्दीपासून सुटका हवी असेल तर रॉड्रिग्ज.

ज्येष्ठ मंडळींना हे विमान झेपेल का?

झेपते. एटीआरमध्ये हवेचा दाब राखलेला असतो आणि स्वच्छतागृहही असते. विमानात मात्र मागच्या दरवाजाच्या छोट्या पायऱ्यांनी चढावे लागते आणि रॉड्रिग्जला उतरल्यावर धावपट्टीशेजारून इमारतीपर्यंत चालावे लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा, ऐनवेळी मागितली तर वेळ लागतो. उतरताना वाऱ्यामुळे विमान थोडे हलते, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये. ज्यांना मळमळते त्यांनी त्याआधी पोटभर खाऊ नये. रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, आणि परतीचे विमान एक दिवस थांबले तर पुरतील इतकी दोन दिवसांची जास्तीची घ्या.